जुनेराचे काय करावे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

दिवाळीच्या साफसफाईत कपाटे रिकामी होऊ लागली की या सदराकडे येणारी पत्रे वाढतात. यंदाच्या बहुतेक पत्रांचे गाऱ्हाणे एकच आहे : कपडा टाकवत नाही आणि अंगावर घालवतही नाही. एकेका पत्राकडे वळण्यापूर्वी सर्वांनाच लागू असलेली एक गोष्ट सांगून ठेवते. ‘यापासून काय शिवता येईल’ हा प्रश्न दुसरा आहे. ‘या कापडात किती जीव उरला आहे’ हा पहिला. कापड खिडकीतल्या उजेडासमोर धरावे, म्हणजे विरलेला भाग जाळीसारखा दिसतो. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून ते उभे आणि आडवे हलकेच ताणावे. चर्र आवाज आला, तर त्या भागावर शिवण टिकणार नाही. कापड कशाचे आहे याची शंका असेल, तर काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरावा आणि वाटीवर पेटवावा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो व मऊ राख होते, रेशीम आणि लोकर यांना केस जळल्यासारखा वास येतो, आणि पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक काळा मणी बनतो. ही परीक्षा ज्यांनी आधीच केली होती, त्यांच्या पत्रांना उत्तर देणे मला फार सोपे गेले.

प्रश्न : माझ्या सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांची चार सुती नऊवारी लुगडी आणि एक इरकल माझ्याकडे आहे. माझ्या लेकीला फाल्गुनात बाळ होणार आहे. या लुगड्यांची गोधडी आणि बाळाची दुपटी हातानेच शिवावीत, अशी माझी इच्छा आहे. पण मी आजवर गोधडी घातलेली नाही. शेजारच्या एक बाई म्हणतात की आत जुनी चादर किंवा कापूस घातल्याशिवाय ऊब येत नाही. कसे करावे? — एक वाचक भगिनी, कऱ्हाड

उत्तर : कापसाची गरज नाही. गोधडीची ऊब थरांमधल्या हवेत असते आणि चार थर आपल्याकडच्या थंडीला पुरतात. कापूस भरला की ती रजई झाली. रजई घरी धुता येत नाही, आणि धुतलीच तर आत गोळे होतात. गोधडी दर पंधरवड्याला धुऊन उन्हात टाकता येते, आणि लहान मूल असलेल्या घरात हा गुण उबेइतकाच महत्त्वाचा आहे. जुनी सोलापुरी चादर आत घालणारी अनेक घरे आहेत. पण ती ओली झाली की इतकी जड होते की एकट्या बाईला पिळता येत नाही. तेव्हा लुगड्यांतच काम भागवावे.

मापाचा हिशेब सोपा आहे. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. लुगड्याची लांबी चौघडी केली की पावणेसात फूट लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याइतकी, म्हणजे साधारण पावणेचार ते चार फूट रुंद अशी चार थरांची घडी मिळते. एका माणसाची गोधडी हीच. जुन्या गोधड्या बहुधा याच मापाच्या आढळतात, त्याचे कारण हे. मात्र तुमच्या लुगड्यांचे बसण्याचे आणि ओच्याचे भाग विरलेले असणार, त्यामुळे पूर्ण सत्तावीस फूट हाती लागणार नाहीत. माझा सल्ला असा की चारही लुगडी उजेडासमोर धरून त्यांतले सर्वांत मऊ, पण न फाटलेले लुगडे दुपट्यांसाठी बाजूला काढावे. उरलेल्या तिन्हींतले विरलेले तुकडे कापून टाकावेत आणि चांगले भाग दंड घालून, म्हणजे कापलेल्या कडा एकमेकींना शिवून, जोडावेत. आपल्या आज्या नेसत्या लुगड्याला दंड घालत असत; गोधडीच्या आतल्या थराला तो घालण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. तिघांत मिळून दोन गोधड्या निघाव्यात. दंडाच्या जोडशिवणी सगळ्या थरांत एकाच जागी येणार नाहीत, एवढे पाहावे, नाहीतर त्या ठिकाणी जाड वळकटी होते आणि सुई शिरत नाही.

शिवण्यापूर्वी सर्व कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, साबणाने धुऊन, कडक उन्हात वाळवावे. जुन्या लुगड्यांत खळ मुरलेली असते आणि कसर या खळीच्याच मागे लागते, म्हणून ती निघालीच पाहिजे. हळदीचे डाग साबणाने लाल होतात, तेव्हा घाबरू नये. दोन-तीन उन्हांत ते आपोआप फिके पडतात. लोखंडाच्या गंजाचे डाग मात्र कापडच खातात, तो भाग कापून टाकावा.

आता प्रत्यक्ष शिवण्याविषयी. फरशी स्वच्छ पुसून खालचा थर पसरावा, चारही कोपऱ्यांवर डबे ठेवून तो ताणून घ्यावा आणि मगच एकेक थर हाताने मधून कडेकडे सपाट करत वर घालावा. सर्वांत वरच्या थराच्या कडा बोटभर आत दुमडून खालच्या थरावर आणाव्यात. नंतर उभे-आडवे वीतभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळे थर पक्के बांधून घ्यावेत. हे काम कंटाळवाणे असते आणि नेमके तेच टाळले जाते, मग गोधडी एका बाजूला ओढली जाऊन तिरकी होते. पक्का धावदोरा कडेपासून सुरू करावा आणि चौकोनी फेरे घेत मध्याकडे जावे. दोन फेऱ्यांत दीड बोटाचे अंतर पुरे. जवळजवळ फेरे घातले तर गोधडी टिकाऊ पण ताठ होते, लांब घातले तर मऊ होते पण पाच-सहा धुण्यांत आतले थर सरकू लागतात. दोरा जाड सुतीच हवा. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून घेतला जातो, पण तो जुन्या सुताहून बळकट असल्यामुळे ताण आला की तो तुटत नाही, कापडच कापतो. दोरा एका वेळी हातभराहून लांब घेऊ नये. लांब दोऱ्याचे पीळ पडून गाठी होतात. गाठ मारली की सुईने हलका हिसका देऊन ती दोन थरांच्या मध्ये दडवावी, म्हणजे अंगाला टोचत नाही.

दुपट्यांसाठी बाजूला काढलेल्या लुगड्याचे पन्ह्याइतकेच चौकोन कापावेत. पन्हा पंचेचाळीस इंच असेल तर सव्वा वार लांबीत एक चौकोन मिळतो. दुपट्याला दोनच थर पुरेत. दोन्ही सुलट बाजू आत ठेवून तीन बाजू शिवाव्यात, चौथी अर्धी शिवून उलटे करावे, उरलेले तोंड हाताने बंद करावे आणि वर अगदी विरळ धावदोऱ्याचे तीन-चार फेरे मारावेत. उरलेल्या कापडातून झबली काढलीत तर शिवणी बाहेरच्या अंगाला येऊ द्याव्यात आणि बटणांऐवजी कापडाचेच आखूड बंद पाठीमागे लावावेत. कुंचीही हौसेने शिवाल, ती जरूर शिवा; पण गळ्याशी बांधायची असल्यामुळे ती बाहेर नेतानाच घालावी आणि बाळ झोपले की काढावी. गोधडीबद्दलही हेच सांगायचे आहे. वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना त्याच्या अंगावर जाड सुटे पांघरूण किंवा शेजारी उशी ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण ते तोंडावर आले तर बाळाला बाजूला करता येत नाही. पहिले वर्ष गोधडी सतरंजीवर अंथरून बाळाला जागेपणी तिच्यावर खेळवावे. पांघरायला ती पुढे आयुष्यभर आहेच.

इरकलीला गोधडीत घालू नका. बागलकोट जिल्ह्यातल्या इळकल गावच्या या साडीचे अंग बहुधा सुती असते आणि पदर रेशमाचा, वेगळा जोडलेला असतो. सूत आणि रेशीम धुण्यात वेगवेगळे आकसतात, आणि जुन्या तांबड्या पदराचा रंग बाळाच्या पांढऱ्या दुपट्यावर उतरला तर तो जन्मात निघत नाही. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने सुटणारा रंग पक्का होतो, ही समजूतही मनातून काढावी. पदर न कापता तसाच ठेवा, अंगाच्या सुती भागातून उशीचे अभ्रे काढा, आणि काठ निघत असेल तर त्याचा गोट गोधडीला न लावता त्या अभ्र्यांनाच लावा.

प्रश्न : माझ्या लग्नातली पैठणी घड्यांवर चिरली आहे. नातीला परकर-पोलके शिवावे असे वाटते, पण शिंपी म्हणतो की कापड शिवण धरणार नाही. त्यापेक्षा पर्स आणि मोबाइलची पाकिटे करून घ्या. आपले मत काय? — एक आजी, बदलापूर

उत्तर : शिंप्याचे पहिले म्हणणे बरोबर आहे, दुसरे मला पटत नाही. रेशीम वर्षानुवर्षे एकाच घडीवर दुमडून राहिले की त्या रेषेवर ते मोडते, आणि एका घडीवर चिरलेली साडी शेजारच्या घडीवरही चिरण्याच्या बेतात असते. म्हणून अंगाच्या कापडावर ताण येईल असे काही शिवू नये. परकर शिवायचाच असेल तर मऊ सुती कापडाचा पूर्ण परकर आधी शिवावा, त्याचा नेफाही नव्या सुती कापडाचाच ठेवावा आणि रेशीम त्यावर वरून टाचावे. सगळा ताण अस्तर घेते, रेशीम फक्त दिसते. पोलके मात्र नव्या कापडाचे शिवून त्याच्या बाह्यांना पैठणीचा काठ लावावा, कारण मुलांच्या काखेत आणि पाठीत जितका ताण पडतो तितका जुन्या रेशमाला सोसत नाही.

काठ आणि पदर यांची वीण अंगापेक्षा दाट असते, त्यामुळे ते बहुधा शाबूत राहतात. काठ काढताना अंगाचे अर्धा इंच रेशीम त्याला लागूनच ठेवावे. ते आत दुमडले की काठाची कड उसवत नाही. पदराविषयी थोडे अधिक. पैठणीचा पदर टेपेस्ट्रीच्या पद्धतीने, प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागी गुंतवून विणतात. मागे सुटे धागे नसतात, म्हणूनच मोर दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखाच दिसतो. पैठण आणि येवला येथल्या विणकरांच्या या कामाचे चार चौकोन करून त्यांना चेन लावणे मला सहन होत नाही. पदर अखंड ठेवावा. सुती कापडावर हाताने, विरळ टाक्यांनी, टाचून तो भिंतीवर लावता येतो, फक्त त्यावर थेट ऊन येता कामा नये. डिंक, गोंद किंवा चिकटपट्टी मुळीच वापरू नये, कारण काही वर्षांनी तिचे पिवळे डाग पुढच्या बाजूला उमटतात. पाकिटे करायचीच असतील तर काठाचे उरलेले तुकडे त्याला पुरे आहेत. कापण्यापूर्वी साडी एकदा ड्रायक्लीनला द्यावी. त्यातून ती धड परत आली, तर पुढच्या कात्रीला अर्थ आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. माझे सुती शर्ट अंगात उत्तम आहेत, पण कॉलरी मानेपाशी घासून फाटल्या आहेत. पत्नी म्हणते की पूर्वी कॉलर उलटवून मिळत असे. आता शिंपी हे काम घेत नाहीत. घरी जमेल का? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : जमेल, आणि शिवणयंत्र नसले तरी जमेल. कॉलर दोन भागांची असते : मानेभोवतीची उभी पट्टी आणि तिच्यातून बाहेर येऊन खाली पडणारे पान. घासते ते पानाच्या दुमडीवर. आधी पानाच्या आणि पट्टीच्या मध्यावर खडूने खूण करावी. मग पान जिथे पट्टीत शिरते तेवढीच शिवण ब्लेडच्या कोपऱ्याने एकेक टाका करून उसवावी. पट्टी शर्टाला जोडलेली शिवण मुळीच उसवू नये, इथेच बहुतेकांचे काम फसते. सुटलेले पान उलटे करावे, म्हणजे फाटलेली बाजू मानेकडे खाली जाते आणि आतापर्यंत लपलेली, कोरी बाजू वर येते. फाटलेल्या जागेवर खालून पातळ सुती पट्टी ठेवून आडवे-उभे रफू करावे, मध्याच्या खुणा जुळवून पान पुन्हा पट्टीत सरकवावे, टाचण्या लावाव्यात आणि जुन्याच छिद्रांतून बारीक टीप घालावी.

एकच अपवाद लक्षात ठेवावा. काही महागड्या शर्टांच्या कॉलरीच्या टोकांत प्लास्टिकची पट्टी घालण्यासाठी मागल्या बाजूला खाच असते. उलटवल्यावर ती खाच वर येते आणि वाईट दिसते. अशा शर्टाचे पान काढूनच टाकावे आणि उभ्या पट्टीचे तोंड शिवून घ्यावे. बंद गळ्यासारखा तो शर्ट घरात छान चालतो. मनगटाच्या पट्टीची कड विरली असेल, तर ती कड दोन दोरे आत दुमडून शिवावी. वहिनींना माझा नमस्कार सांगावा. त्यांची आठवण अचूक आहे.

प्रश्न : आमच्याकडे हाताने विणलेले आणि विकतचे असे बरेच स्वेटर आहेत. ते उसवून नातवासाठी बंडी विणता येईल का? एकदा उसवायला घेतला तर हातात तुकडेच तुकडे आले. — एक वाचक भगिनी, बडोदे

उत्तर : तुकडे आले, म्हणजे तो स्वेटर यंत्रावर विणलेल्या ताग्यातून कापून शिवलेला होता. पुढच्या वेळी उसवण्याआधी तो उलटा करून कुशीची शिवण पाहावी. कडा कापलेल्या आणि त्यांवर दाट दोऱ्यांची ओव्हरलॉकची शिवण असेल, तर तो उसवण्याच्या कामाचा नाही, कारण प्रत्येक ओळ दोन्ही बाजूंनी कापलेली असते. शिवण सुईने सहज निघते आणि कडेला ओळीमागून ओळ वळल्याची गोफासारखी किनार दिसते, असा स्वेटर पूर्ण उसवतो. आधी कुशी, बाह्या आणि गळा यांच्या शिवणी सोडवाव्यात, मग भाग जिथे विणून संपवला असेल त्या टोकापासून, म्हणजे बहुधा खांद्याकडून, उसवत यावे. सुरुवातीच्या पट्टीकडून उसवायला गेलात तर ते गुंतते.

उसवलेली लोकर नागमोडी असते आणि तशीच विणली तर वीण खडबडीत येते. ती खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लड करावी, चार ठिकाणी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याने सैल बांधावी, कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून भिजवावी आणि न पिळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढावे. सावलीत काठीवर टांगताना लडीच्या खालच्या टोकाला एखादा हलका हँगर अडकवला की धागा सरळ होतो. पूर्ण वाळल्यावर सैल गुंडा करावा. घट्ट गुंड्यात लोकर ताणून राहते आणि विणलेली बंडी पहिल्या धुण्यात आखडते. लहान मुलाच्या बिनबाह्यांच्या बंडीला शंभर ते दीडशे ग्रॅम लोकर पुरते, म्हणजे मोठ्या माणसाच्या एका स्वेटरातून दोन बंड्या सहज निघाव्यात. धागा जागोजागी पातळ झाला असेल तर त्याच्यासोबत नव्या बारीक लोकरीचा एक पदर घेऊन, नेहमीच्या 10 नंबरऐवजी 9 नंबरच्या सुयांवर विणावे.

गरम पाण्यात धुतला गेल्यामुळे आखडून घट्ट झालेला लोकरी स्वेटर मात्र उसवायचा प्रयत्न करू नये. त्याच्या कडा कापल्या तरी सुटत नाहीत, हाच त्याचा फायदा घ्यावा. त्यातून बुटात घालायचे तळवे कापावेत, किंवा गरम पाण्याच्या पिशवीला खोळ शिवावी.

प्रश्न : हळदीकुंकवाला मिळालेले सुमारे चाळीस ब्लाउजपीस घरात आहेत. त्यांच्या पिशव्या शिवून संक्रांतीचे वाण म्हणून द्याव्यात असा विचार आहे. — एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : महाराष्ट्रातल्या कपाटांमध्ये काही ब्लाउजपीस असे आहेत की त्यांची घडी आजवर कोणी मोडलेली नाही, ते फक्त एका ओटीतून दुसऱ्या ओटीत जातात. तुम्ही ही साखळी तोडताहात याचा आनंद आहे. पण पिशव्यांविषयी थोडे थांबावे. राज्यात 23 मार्च 2018 रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, त्यानंतर संक्रांतीला कापडी पिशव्यांचा इतका पूर आला की आता त्या पिशव्याच ब्लाउजपिसांसारख्या घरोघरी साठल्या आहेत. शिवाय टू बाय टूचे कापड बाजारच्या पिशवीला फार पातळ आहे. दोन किलो बटाटे घातले की बंद उचकटतात.

याच पातळपणाचा जिथे उपयोग होतो, अशा वस्तू शिवाव्यात. कोथिंबीर, मेथी यांच्यासाठी फ्रीजमध्ये ठेवायच्या पिशव्या हे एक. सुती पातळ कापडात पालेभाजीला घाम सुटत नाही आणि ती सुकतही नाही. एका मीटरभर तुकड्यातून दहा इंच रुंद आणि चौदा इंच उंच अशा दोन पिशव्या निघतात, तोंडाला नेफा करून त्याच कापडाची नाडी ओवावी. दुसरे, पोळ्यांच्या डब्यात घालायचे रुमाल : दोन थरांचे, सोळा इंचांचे चौकोन, चारही बाजूंनी साधी टीप. गरम पोळीची वाफ ते शोषून घेतात आणि तळाची पोळी ओली होत नाही. रुमालांसाठी रंगाची परीक्षा करणे मात्र आवश्यक आहे. कापडावर ओला पांढरा फडका ठेवून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर रंग उतरला, तर तो तुकडा अन्नाजवळ नेऊ नये. चाळीसांतले साटीनचे आणि चकचकीत तुकडे बहुधा पॉलिएस्टरचेच निघतील. त्यांचे दागिन्यांचे बटवे करावेत.

प्रश्न : आम्ही दोघे नोकरी करतो, एका खोलीच्या सदनिकेत राहतो, शिवणयंत्र नाही. जुने टी-शर्ट आणि जीन्स यांचे हातानेच करता येण्यासारखे काही सुचवाल का? शोभेच्या वस्तू नकोत. — एक वाचक, पुणे

उत्तर : शेवटचे वाक्य वाचून बरे वाटले. टी-शर्टचे पायपुसणे करावे. काखेच्या खालचा भाग कापून घ्यावा, तो नळीसारखा असतो. त्याची दोन-दोन बोटे रुंदीची गोल गोल फिरत जाणारी एक लांब पट्टी कापावी आणि ओढावी. होजियरीच्या कडा आपोआप आत वळतात, त्यामुळे त्या शिवाव्या लागत नाहीत. तीन पट्ट्यांची वेणी घालत जावी, पट्टी संपली की तिच्या टोकाला चीर देऊन दुसरी ओवावी. ही वेणी टेबलावर सपाट ठेवूनच चकलीसारखी गुंडाळत आतून जाड दोऱ्याने टाचावी. मांडीवर घेऊन टाचली की मधला भाग वर उचलला जातो आणि पायपुसण्याऐवजी टोपली तयार होते. चार-पाच टी-शर्ट लागतील. गुळगुळीत फरशीवर खाली रबरी जाळी घालावी.

जीन्सच्या नादी हाताने लागू नका. तिच्या जाड शिवणींना यंत्रावरही 16 किंवा 18 नंबरची सुई लागते. पायांचे दोन भाग कापून जवळच्या शिंप्याकडून बाजाराच्या पिशव्या शिवून घ्याव्यात. वरच्या प्रश्नातल्या बटाट्यांना त्या पुरून उरतील.

प्रश्न : माझ्याकडे सिंथेटिक साड्यांचा ढीग आहे. त्यांचे स्वयंपाकघरासाठी पॉटहोल्डर आणि ॲप्रन करावेत, असे मैत्रीण सुचवते. करू का? आणि ज्याचे काहीच होत नाही, ते कपडे कोणाला द्यावेत? — एक वाचक भगिनी, नागपूर

उत्तर : करू नका. पॉलिएस्टर 250 अंश सेल्सिअसच्या जवळपास वितळते आणि गॅसची ज्योत त्याच्या कितीतरी पलीकडे तापलेली असते. सुती कापड जळते, ते हातातून टाकता येते. वितळलेले पॉलिएस्टर कातडीला चिकटते, म्हणून त्याची भाजणे खोल असतात. भांडी उतरवायची फडकी जुन्या टर्किश टॉवेलचे चार थर घेऊन, सुती दोऱ्यानेच शिवावीत, आणि ती ओली असताना वापरू नयेत, कारण ओल्या फडक्यातून चटका लगेच पोचतो. ॲप्रनला जुन्या सुती चादरीइतके चांगले कापड नाही. समईजवळच्या पडद्यांनाही सिंथेटिक साडी लावू नये.

सिंथेटिक साड्या पाणी शोषत नाहीत आणि लवकर फाटत नाहीत, या दोन गोष्टी धरून त्यांचा उपयोग ठरवावा : उन्हाळा संपल्यावर कूलरवर घालायची खोळ, प्रवासात चपला ठेवायच्या पिशव्या, गाद्या बांधून ठेवण्याची आवरणे, गच्चीवर पापड-कुरडया वाळताना वरून घालायचे पातळ झाकण. पुसण्याच्या कामाला त्या निरुपयोगी आहेत.

उरलेल्या कपड्यांसाठी बोहारीण आजही अनेक गावांत येते आणि भांड्यांच्या बदल्यात कपडे नेते. तिच्याशी घासाघीस करताना एवढे लक्षात असू द्यावे की एकेक कपडा धुऊन, दुरुस्त करून, निवडून तिला पुढे विकायचा असतो. या व्यापारातले लोकरीचे आणि मिश्र धाग्याचे कपडे पुढे हरियाणातल्या पानिपतला पोचतात, तिथे ते रंगाप्रमाणे निवडून, फाडून, पुन्हा धागा कातून त्यांची स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. सुती चिंध्यांना गॅरेज आणि कारखान्यांमध्ये मागणी असते. देण्यापूर्वी बटणे, हुक आणि चांगल्या चेन काढून घ्याव्यात, खिसे तपासावेत. जरीची जुनी साडी मात्र घाईने कोणालाही देऊ नये. पूर्वीच्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देत असत. ती खरी आहे की तांब्याची, हे जाणकार सराफ तार घासून सांगतो, आणि त्याच्याकडून ते कळल्यावरच साडीचे काय करायचे ते ठरवावे.